एक स्पीकरजोडी, दोन ॲम्प्लिफायर आणि मोडायला निघालेली मुदत ठेव

प्रश्न थोडक्यात असा: वाचकाकडे गाण्यांसाठी ४२ हजारांचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, टीव्हीसाठी ३८ हजारांचा एव्ही रिसीव्हर (टीव्हीच्या आवाजाचा ॲम्प्लिफायर) आहे, पण स्पीकरची जोडी एकच. १ लाखाची मुदत ठेव मोडून ५५ हजारांची दुसरी जोडी घ्यावी, की एकच जोडी दोन्ही यंत्रांना आलटूनपालटून जोडणारा, ऑनलाइन दिसलेला ९०० रुपयांचा स्विच बॉक्स लावावा?

दोन्ही नको. ठेव मोडल्याचा दंड फार नसतो, बऱ्याच बँकांत व्याजदरात अर्धा ते एक टक्का कपात होते. माझी हरकत वेगळी आहे. तुम्हीच लिहिलंय की अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम एवढीच आहे. घरात दोन मुलं, कमावणारे तुम्ही एकटे. त्या पैशाला हात लावू नका.

आता ९०० रुपयांचा बॉक्स. स्वस्तातले बहुतेक बॉक्स एका ॲम्प्लिफायरवर अनेक स्पीकर चालवण्यासाठी बनवलेले असतात. तो उलटा जोडला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली गेली, तर दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांना भिडतात. स्पीकरचा रोध ४ ते ८ ओहम, पण ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा ओहमच्या छोट्याशा अंशाइतका. त्यामुळे एकाचा करंट स्पीकर सोडून दुसऱ्यात घुसतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. दुसरा बंद असला तरी धोका टळत नाही. शिवाय अशा बॉक्समध्ये काळ्या वायरी आतून एकत्र असतात. काही डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं, तिथे हे थेट शॉर्ट ठरतं. चुकीच्या जोडणीचं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. ९०० रुपयांच्या बॉक्सपायी ८० हजारांची यंत्रं पणाला लावायची नाहीत, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आधी रिसीव्हरची मागची बाजू बघा. तिथे 'प्री-आउट' (दुसऱ्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी सॉकेट) या नावाखाली 'फ्रंट' डावं-उजवं अशी सॉकेट आहेत का? फक्त सबवूफरचं असेल तर उपयोग नाही. असतील तर साध्या आरसीए केबलने ती स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या 'होम थिएटर बायपास' इनपुटला जोडा (त्यात स्टिरिओचा आवाजाचा नॉब बाजूला राहतो, आवाज रिसीव्हरवरून ठरतो). स्पीकर कायम स्टिरिओलाच राहतात, स्विचची गरजच संपते. बायपास नसेल तर 'ऑक्स' हे साधं इनपुट चालेल. फक्त टीव्ही बघताना स्टिरिओचा आवाज ठरलेल्या खुणेवर ठेवायचा आणि गाण्यांकडे वळण्याआधी तो कमी करायचा. खर्च केबलचा, आणि टीव्हीसोबत स्टिरिओही चालू ठेवावा लागेल त्या विजेचा. ५० वॉट, रोज ३ तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट, म्हणजे साधारण ४०-५० रुपये. माझी पहिली पसंती यालाच.

प्री-आउट नसेल तर स्पीकरच्या वायरींना चार बनाना प्लग (सहज काढता-घालता येणाऱ्या पिना) लावा. दोन्ही यंत्रं बंद करायची, प्लग एकातून काढून दुसऱ्यात घालायचे. टीव्ही आठवड्यातून दोनदाच मोठ्या आवाजात बघता असं तुम्ही म्हणता, मग एवढं पुरे.

रोजच अदलाबदल करायची असेल तरच चांगला बॉक्स घ्या. तो दोन ॲम्प्लिफायर आणि एका स्पीकरजोडीसाठीच बनवलेला हवा, लाल-काळ्या दोन्ही वायरींची जोडणी तोडणारा हवा, आणि पहिली जोडणी पूर्ण सुटल्यावरच दुसरी करणारा हवा. विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. त्यासाठी ५-६ हजार गेले तरी मला खटकणार नाही. मात्र पुढे कधी व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर घेतलात तर तो स्पीकरशिवाय चालू ठेवायचा नाही, त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

दुसऱ्या जोडीची हौस मला समजते, ती मारू नका. दरमहा ५ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. ११ महिन्यांत ५५ हजार होतात, वर थोडं व्याज. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या मोहात मात्र पडू नका, कारण क्रेडिट कार्डावर त्यातल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्कही बहुधा वेगळं असतं.