साहेब गावातच होते

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वारसनोंदीत भावांनी नाव गाळलेली ती म्हातारी. फी देण्यासारखी दिसत नव्हती, म्हणून "साहेब बाहेरगावी गेलेत" सांगून तू तिला वाटेला लावलंस आणि आठ दिवस झोप नाही. विचारतोस, या वकिलीच्या धंद्यासाठी मी फार हळवा आहे का?

हळवा कसला! काळीज जागेवर आहे, एवढंच. मलाही एकदा असंच टोचलं होतं. तारखांच्या धावपळीत मी ते बुजवून टाकलं. सोपं असतं रे. पुढच्या खेपेला टोचतही नाही.

बाबा आमटेही वकीलच, वरोऱ्याचे. पावसात रस्त्याकडेला कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम दिसला आणि बाबा घाबरून पळाले. लोक त्यांचं पुढचं मोठेपण सांगतात. मी ते पळणं विसरू शकत नाही. एरवी कुणाला न भिणारा हा माणूस, पण आपण भ्यालो हे त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. परत गेले. त्याच्यावर आडोसा उभारला, मरेपर्यंत त्याचं सगळं केलं.

नुसते कळवळून थांबलेही नाहीत. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचे उपचार शिकले, प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. आनंदवनाची सुरुवात सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपयांवर झाली, हे सगळे सांगतात. कलकत्त्याचा अभ्यास कुणी सांगत नाही.

तेव्हा तूही परत जा. सातबारा तू पाहिला होतास, म्हणजे गाव ठाऊक आहे. फेरफाराची, म्हणजे त्या वारसनोंदीची, नक्कल काढ. त्यावर प्रांताधिकाऱ्याकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची. उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोड. वडिलोपार्जित जमिनीतल्या मुलींच्या हक्कावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा विनीता शर्मा निकाल पूर्ण वाच, नुसती हेडनोट, म्हणजे वरचा सारांश, नको. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित निघाली तर मुद्दा निराळा, पण मुलगी म्हणून ती वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची, वारस आहेच. सगळ्यात आधी विचार, हक्कसोडपत्रावर भावांनी अंगठा तर घेतला नाही ना? अशा बायकांना कशावर अंगठा दिला हेच सांगितलेलं नसतं.

बसायला खुर्ची दे. आणि त्या दिवशी साहेब गावातच होते, हे तिला सांगून टाक.

तुझा,
सर