प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचायला थडग्यांच्या शंकूंपासून सुरुवात करताय? आधी एवढंच बघा

उत्साह छान आहे, पण व्याकरणाचं जाडजूड पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

मातीचे हे शंकू बहुतेक थीब्सचे, म्हणजे इजिप्तमधल्या आजच्या लक्सरजवळ नाईलच्या पश्चिम काठावरचे. थडग्याच्या दर्शनी भिंतीत टोक आत, ठसा असलेलं गोल तोंड बाहेर. हाताने कोरलेलं नाही, शिक्का मारलेला. म्हणून एकाच माणसाचे ढिगाने सापडतात, आणि एकावर पुसलेली अक्षरं दुसऱ्यावर मिळतात. एका फोटोवरून डोकं फोडू नका.

पहिला सराव मेरीमोसवर करा. फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपचा हा कुशचा, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या न्युबियाचा, राजप्रतिनिधी. त्याचे शंकू अनेक संग्रहालयांत आहेत. चित्रांतले पक्षी आणि माणसं ज्या बाजूला बघतात तिकडून वाचा. मृतांचा देव ओसायरिस याचं नाव शोधा, मग माणसाची पदवी, मग त्याचं नाव. पदवीलाच नाव समजणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक!

आणखी दोन:
- शंकू मिळाला म्हणजे थडगं सापडलं असं नाही. कित्येकांची थडगी अजून बेपत्ताच आहेत.
- नोंद करताना शंकूंच्या ठशांच्या १९५७ च्या डेव्हिस-मॅकॅडम सूचीतला क्रमांक लिहाच.

विकत घ्यायच्या फंदात पडू नका. १९८३ पासून इजिप्तमध्ये पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी आहे. संग्रहालयांचे फोटो भरपूर आहेत.

शंकू कशासाठी, हा वाद नंतर.