अंतिम लढत बरोबरीत सुटली तर?

प्रश्न : इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर पूर्वी तो काही दिवसांनी पुन्हा खेळवत असत, असे वाचनात आले. ही पद्धत का बंद झाली? आणि पेनल्टींवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने गोलरक्षकासमोर मारलेल्या फटक्यांवर, विजेता ठरवणे न्याय्य म्हणता येईल का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. १८७१-७२च्या मोसमापासून चालत आलेल्या या स्पर्धेत १९१०, १९११ आणि १९१२ अशी सलग तीन वर्षे चषकाचा निकाल फेरलढतीतच लागला. १९२३ पासून अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर होऊ लागला, मात्र तेथे तो पहिल्यांदा बरोबरीत सुटला तो थेट १९७० मध्ये. चेल्सी आणि लीड्स यांच्यातील २-२ अशा बरोबरीनंतर मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील फेरलढत चेल्सीने २-१ अशी जिंकली.

अंतिम सामन्याची शेवटची फेरलढत १९९३ची, आर्सेनल आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्यातील. पहिला सामना १-१, फेरलढतीतही १-१, आणि जादा वेळ संपत आलेली असताना ११९व्या मिनिटाला आर्सेनलच्या अँडी लिनिघनने कॉर्नरवर उंच झेप घेऊन चेंडूला डोके लावले. गोलरक्षक ख्रिस वूड्सच्या हातांना लागूनही चेंडू आत गेला. याच सामन्यात आधी लिनिघनचे नाक मोडले होते, हे विशेष.

पद्धत बंद होण्यामागची कारणे व्यवहाराची आहेत. अंतिम सामना मोसमाच्या अखेरीस येतो, त्यानंतर लगेच राष्ट्रीय संघांचे सामने असतात, आणि ऐनवेळी पुन्हा पोलीस बंदोबस्त लावणे व हजारो प्रेक्षकांनी पुन्हा प्रवास करणे कोणालाच सोयीचे नसते.

न्यायाचे म्हणाल, तर २००५ची कार्डिफमधील लढत आठवावी. एफए कपचा अंतिम सामना पेनल्टींवर सुटण्याची ती पहिलीच वेळ. खेळावर मँचेस्टर युनायटेडचे वर्चस्व होते, तरी गोल एकही झाला नाही. पेनल्टींमध्ये आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेमानने युनायटेडच्या पॉल स्कोल्सचा फटका अडवला आणि पॅट्रिक व्हिएराने शेवटची पेनल्टी मारून आर्सेनलला ५-४ असे जिंकून दिले. युनायटेडच्या चाहत्यांना हा अन्याय वाटणे स्वाभाविक आहे; पण दोन तास हाती असताना ज्यांना एक गोल करता आला नाही, त्यांची तक्रार मला फारशी पटत नाही.

माझ्या मते खरे नुकसान अंतिम सामन्यात झालेले नाही. २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनच फेरलढती रद्द झाल्या, त्याची हळहळ अधिक वाटते. खालच्या श्रेणीतील एखाद्या क्लबने घरच्या मैदानावर मातब्बर संघाला बरोबरीत रोखले, की फेरलढत त्या संघाच्या भल्यामोठ्या मैदानावर होई, आणि तिकीटविक्रीच्या उत्पन्नातील वाट्यावर छोट्या क्लबचा वर्षभराचा बराचसा खर्च भागत असे.