सवय लागली, लावली, झाली की अंगवळणी पडली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिक्षण संपवून तुम्ही ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जाऊ लागलात. वर्षभरात दिनक्रम कसा पालटला यावर एक छोटा लेख लिहिलात आणि त्यातल्या चार वाक्यांवर घरात वाद झाला. वाक्यं अशी: 'मी पहाटे साडेपाचला उठण्याची सवय बनवली. स्वतःचा डबा करणं मला अंगवळणीला पडलं. रात्री जागण्याची सवय बदलली. मोठेपणात अशा सवयी आपोआप लागतात.' आई म्हणते 'सवय लागली' लिही, मैत्रीण म्हणते 'लावली', आणि 'बनवली'त काय चूक आहे हे दोघींनाही नेमकं सांगता येत नाही.

'बनवली'पासून सुरुवात करू. हे क्रियापद हिंदीतल्या 'आदत बनाना'वरून आलेलं आहे. मराठीत वस्तू बनवतात: खुर्ची, मूर्ती, फार तर यादी. सवय ही बनवायची वस्तू नाही, ती माणसाला येऊन चिकटते. म्हणून तिच्याबरोबर येणारी क्रियापदं पाहा: लागणे, लावणे, जडणे, पडणे, सुटणे, मोडणे, जाणे. सगळी चिकटण्याची किंवा सुटण्याची आहेत, घडवण्याचं एकही नाही. 'सवय बनली' आज कानावर पडतं, अर्थही कळतो, पण लेखात ते टाळावं, कारण त्याने एक फार उपयोगी भेद पुसला जातो. सवय आपण लावली की आपल्याला लागली, हा तो भेद.

'लागणे'ची वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की तो दिसतो. मला भूक लागली, मला झोप लागली, मला ठेच लागली, मला नोकरी लागली, मला सवय लागली. सगळीकडे 'मला' आहे, 'मी' कुठेच नाही. घडलेली गोष्ट कर्ता आहे आणि माणूस ती झेलणारा. क्रियापद म्हणून त्या गोष्टीच्या लिंगावर चालतं: सवय स्त्रीलिंगी म्हणून 'लागली', नाद पुल्लिंगी म्हणून 'लागला', व्यसन नपुंसकलिंगी म्हणून 'लागलं'. बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री याने काहीच फरक पडत नाही.

'लावणे' हे त्याचंच प्रयोजक रूप. जसं पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, तसं लागणे-लावणे. इथे कुणीतरी मुद्दाम करणारा हवा आणि ज्याला लावायची तोही हवा. 'आजीने नातवाला जेवणाआधी हात धुवायची सवय लावली' या वाक्यात दोघेही आहेत. 'मी सवय लावली' एवढंच लिहिलं की वाचणारा थांबतो: कुणाला लावली? स्वतःबद्दल बोलायचं असेल तर दोन वाटा आहेत. 'मी स्वतःला सवय लावली' किंवा, त्याहून सहज, 'मी सवय लावून घेतली'. या 'घेणे'ने काम आपल्याकडे वळतं. शिकून घेतलं, समजून घेतलं, आटपून घेतलं यांत वळतं तसंच. जुन्या वळणाचं 'सवय पाडून घेतली' हेही याच घरातलं आणि निर्दोष आहे.

आता आई बरोबर की मैत्रीण? हे व्याकरणाने ठरत नाही, घडलं काय यावर ठरतं. गजर लावून, रोज दहा-दहा मिनिटांनी वेळ अलीकडे आणत उठत गेला असाल, तर 'लावून घेतली'. ठाण्याहून ऐरोलीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलची ठरावीक गाडी चुकू नये म्हणून उठणं भागच होतं आणि दोन-तीन महिन्यांनी गजराआधीच जाग येऊ लागली असेल, तर 'लागली'. पहिल्यात श्रेय तुमचं आहे, दुसऱ्यात परिस्थितीचं. 'लावणे'मध्ये दोषही देता येतो हे लक्षात ठेवा. 'त्याला तंबाखूची सवय कुणी लावली?' हा प्रश्न चौकशीचा नसतो, ठपक्याचा असतो.

काळाकडेही नीट बघायला हवं. चार दिवस उठलेल्या माणसाने 'सवय लागली' म्हणू नये. तेव्हा 'सवय लावून घेते आहे'. मग काही दिवसांनी 'सवय लागते आहे'. 'लागली' हे पूर्ण झाल्याचं सांगणं आहे. एखादा दिवस चुकला तर चुकल्यासारखं वाटतं, इथवर आल्यावरच ते शोभतं.

तुमच्या प्रश्नात 'सवय झाली' नाही, पण लेखात त्याची गरज पडणारच, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपण जे करतो त्याची सवय लागते. आपल्याला जे सोसावं लागतं त्याची सवय होते. 'घोडबंदर रोडच्या कोंडीची सवय झाली.' 'गाडीतल्या गर्दीची सवय झाली.' 'डोळ्यांना अंधाराची सवय झाली.' यांतल्या कुठल्याही वाक्यात 'लागली' घालून वाचा. 'गर्दीची सवय लागली' म्हटलं की गर्दीशिवाय करमत नाही असा अर्थ निघतो. उलट 'चहाची सवय लागली' म्हणजे आता चहा लागतोच, आणि 'इथल्या चहाची सवय झाली' म्हणजे कार्यालयातला तो पांचट चहा आता खपवून घेता येतो. एका क्रियापदात ओढ आहे, दुसऱ्यात तडजोड. पहिल्या नोकरीच्या वर्षावर लिहिणाऱ्याला दोन्ही हवीत.

सवय कशाची, हे सांगताना 'उठण्याची' आणि 'उठायची' ही दोन्ही रूपं शुद्ध आहेत. पहिलं लेखी वळणाचं, दुसरं बोलीचं. एका लेखात दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये. 'मला लवकर उठायला सवय आहे' हे चूक; सवयीला '-ची'च लागतो.

आता अंगवळणी. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा शब्द आहे. अंग अधिक वळण, आणि शेवटची 'ई' सप्तमीची, म्हणजे 'अंगाच्या वळणात'. घरी, दारी, कानी, पदरी, गळी यांत हीच 'ई' आहे. कानी पडणे, पदरी पडणे, पचनी पडणे, तसंच अंगवळणी पडणे. 'आत' हा अर्थ त्या 'ई'नेच दिलेला असल्यामुळे तिच्यावर आणखी प्रत्यय चढत नाही. 'अंगवळणीला पडलं' किंवा 'अंगवळणीत पडलं' म्हणजे 'घरीला गेलो' म्हटल्यासारखं आहे. तुमच्या दुसऱ्या वाक्यातली चूक एवढीच. 'मला'च्या जागी 'माझ्या' घातलं तर अधिक नेटकं, कारण अंग माझं आहे: 'स्वतःचा डबा करणं माझ्या अंगवळणी पडलं.' बोलताना 'मला अंगवळणी पडलंय' सर्रास म्हणतात. त्याला मी चूक म्हणणार नाही, लेखात मात्र 'माझ्या' घेईन. क्रियापद इथेही गोष्टीवर चालतं: करणं पडलं, पद्धत पडली, कष्ट पडले.

(तुम्ही 'डबा बनवणं' न लिहिता 'डबा करणं' लिहिलंत, ते छान आहे. चहा, पोळ्या, भाजी, डबा हे मराठीत करतात.)

'वळण' या शब्दाचा पसारा मोठा आहे. रस्त्याला वळण असतं, अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावतात, लेक आईच्या वळणावर जाते, वळणाचं पाणी वळणावर जातं. लाडू वळतात, मोदकाच्या पाकळ्या काढताना पारी वळणावर आणावी लागते, मूठ वळतात. या सगळ्यांत वाकवत वाकवत आकार देणं आहे. म्हणून अंगवळणी पडणं म्हणजे अंगालाच तो आकार येणं. डोक्याला आठवण ठेवावी लागत नाही. कणीक भिजवताना पाणी किती, हे मोजावं लागत असेल तोवर डबा करायची सवय आहे असं म्हणा. हात आपणच थांबू लागला की अंगवळणी पडलं. सुट्टीच्या दिवशी ठाणे स्टेशनात पाऊल ठेवताच पाय आपसूक ऐरोलीच्या गाडीच्या दहा नंबरच्या फलाटाकडे वळतात, तेव्हाही तेच. त्यामुळे अंगाने करायच्या गोष्टींना हा वाक्प्रचार चपखल बसतो. 'प्रामाणिकपणा अंगवळणी पडला' कानाला खटकतं. गुणांसाठी 'अंगी बाणला' आहे. हाताच्या कौशल्यासाठी 'हात बसला' आहे: पोळ्यांवर हात बसला, टंकलेखनावर हात बसला.

'जडणे' थोडक्यात सांगतो. दागिन्यात खडा जडतो तसं हे घट्ट बसणं. व्याधी जडते, व्यसन जडतं, क्वचित जीवही जडतो. सवयीबरोबर ते आलं की बहुतेक वेळा नको असलेली सवय समजावी. रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपायची सवय 'जडली' म्हणता येईल, सकाळी चालायला जायची नाही. त्याच मोबाइलच्या सवयीला घरचे 'खोड' म्हणतील. ती खोड स्त्रीलिंगी, ते झाडाचं खोड नपुंसकलिंगी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, या म्हणीत पहिली आहे.

तिसरं वाक्य, 'रात्री जागण्याची सवय बदलली'. अनेकवचनात 'सवयी बदलल्या' हे ठीक, कारण तिथे एकंदर राहणी पालटल्याचं सांगायचं असतं. एकट्या सवयीबद्दल 'बदलली' म्हटलं की ती दुसऱ्या रूपात शिल्लक आहे असं वाटतं: जागायची वेळ बदलली का? तुम्हाला ती संपली असं म्हणायचं आहे. मग 'सोडली', 'सुटली', 'मोडली' किंवा 'गेली' यांतून निवडा. मुद्दाम प्रयत्न केला तर 'सोडली'. पहाटे उठावं लागल्यामुळे आपोआप संपली तर 'सुटली' किंवा 'गेली'. 'मोडली' जरा वेगळं. मोडणारा बहुधा दुसरा असतो: आईने मुलाची अंगठा चोखायची सवय मोडली. करणारा सांगितला नाही, तर त्यात हळहळ येते: चालायची सवय मोडली, पाटीवर लिहायची सवय मोडली, म्हणजे पूर्वी जमायचं ते आता जमत नाही. घडी मोडते, तसं काहीतरी चांगलं विस्कटलेलं असतं. जागरण संपल्याची हळहळ वाटत नसेल, तर 'सुटली' घ्या.

हिंदीमुळे होणारी एक गफलत इथे सांगायलाच हवी. 'आदत डालना' म्हणजे सवय लावणे. त्याचं शब्दशः मराठी करून कुणी 'लवकर उठण्याची सवय टाका' लिहिलं, तर अर्थ नेमका उलटा होतो. मराठीत सवय टाकणे म्हणजे ती सोडून देणे.

लेखनातली एक खूण. 'सवय'चं अनेकवचन 'सवयी', सामान्यरूपही 'सवयी-': सवयीने, सवयीचा, सवयीमुळे. अनेकवचनाला प्रत्यय लागला की अनुस्वार येतो: सवयींमुळे, सवयींचा. 'वाईट सवयीमुळे' म्हणजे एका सवयीमुळे, 'वाईट सवयींमुळे' म्हणजे पुष्कळ. 'सवईने' हा उच्चार झाला, लिहायचं 'सवयीने'. १८९३ मध्ये सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुनं पुस्तक हाती आलं तर त्यात 'संवय' आणि 'अंगवळणीं' अशी रूपं भेटतील. उच्चारात नसलेले असे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. जुनं पुस्तक चुकीचं नाही आणि आजचं लेखन अपुरं नाही.

राहिलं चौथं वाक्य. 'मोठेपणात' नको. लहानपणी, तरुणपणी, म्हातारपणी, तसं 'मोठेपणी'. इथेही तीच सप्तमीची 'ई' आहे, अंगवळणीतली. 'मोठेपणा' तर आणखी दूरचा, तो मिरवायचा किंवा मनाचा असतो. 'वयात आल्यावर' असंही लिहू नका, त्याचा रूढ अर्थ शरीराच्या वाढीचा आहे. 'सज्ञान' हा कायद्याचा शब्द, १८ वर्षं पूर्ण झाली की लागू. 'पोक्त' म्हणायला नुकतं शिक्षण संपवलेल्या माणसाचं वय फार कमी. कमावती आणि घरची जबाबदारी उचलणारी, असं सांगायचं असेल तर 'कर्तीसवरती' हा अस्सल शब्द आहे. नुसती समज आली एवढंच म्हणायचं असेल तर 'जाणती'.

आणि 'आपोआप लागतात' यातलं 'आपोआप' काढलंत तरी चालेल, ते 'लागतात'मध्ये आधीच आहे. मी ती वाक्यं अशी लिहीन: 'पहाटे साडेपाचला उठायची सवय मी लावून घेतली. स्वतःचा डबा करणं माझ्या अंगवळणी पडलं. रात्री जागायची सवय सुटली. मोठेपणी अशा सवयी लागतात.' पहिल्या वाक्यात आईचं 'मला सवय लागली' घ्यायचं की हेच ठेवायचं, ते गजर किती महिने लावावा लागला हे आठवून तुम्हीच ठरवा.