दायमाबादला हडप्पा संस्कृतीचं दक्षिण टोक म्हणतात. ते खरंच हडप्पाचं गाव होतं का? सिंधूकाठची माणसं इतक्या लांब प्रवरेवर कशाला आली असतील?

प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून आलेला दिसतोय, कारण ते चार दिशांचं वाक्य सगळ्यांनाच पाठ असतं: पश्चिमेला मकरानातलं सुत्कागेनदोर, उत्तरेला चिनाबकाठचं मांडा, पूर्वेला हिंडनकाठचं आलमगीरपूर आणि दक्षिणेला प्रवरेकाठचं दायमाबाद. दायमाबादपुरतं ते वाक्य चूक नाही. पण ते वाचून डोळ्यांपुढे जे चित्र येतं, म्हणजे भाजक्या विटांची घरं, झाकलेली गटारं, मोठं स्नानगृह, त्यातलं दायमाबादला काही नाही. मोहेंजोदडोसारखी शहरं उतरणीला लागली त्या सुमारास, म्हणजे साधारण इ.स.पू. 2000च्या आसपास, त्या परंपरेतली काही माणसं इथे आली. याला उत्तर हडप्पा काळ म्हणतात (उत्तर म्हणजे इथे नंतरचा, दिशा नव्हे). आणि ती आली तेव्हा इथे आधीच एक गाव वसलेलं होतं.

मी नगरकडचाच (आता अहिल्यानगर म्हणायचं), त्यामुळे हा विषय थोडा जिव्हाळ्याचा. दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. गाव आज ओसाड आहे. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, तशीच ही एक पांढरी. शतकानुशतकं घरं पडली, पुन्हा बांधली गेली, राख आणि शेणमाती साचत गेली आणि टेकाड झालं. बो. प्र. बोपर्डीकरांनी 1958 साली हे स्थळ प्रथम नोंदवलं. मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीनदा उत्खनन केलं: आधी म. न. देशपांडे, 1974च्या सुमारास एस. आर. राव आणि शेवटी 1979पर्यंत शां. अ. साळी. आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक साळींच्या खोदकामातून आलंय.

सगळ्यात खालचा थर सावळदा संस्कृतीचा, साधारण इ.स.पू. 2200पासूनचा. तापीकाठच्या सावळदा गावावरून हे नाव पडलं. मातीच्या भिंतींची घरं, चुली, धान्य साठवायचे खड्डे आणि रांजण, गहू, जव, मसूर. थोडक्यात, खानदेशाकडून खाली सरकलेले शेतकरी. त्याच्या वर उत्तर हडप्पा थर. हडप्पाचा पुरावा म्हणून जे दाखवतात ते मोजकं आहे, पण पक्कं आहे. सिंधू लिपीतली चिन्हं असलेल्या भाजक्या मातीच्या दोन बटणासारख्या मुद्रा आणि तशीच चिन्हं कोरलेली काही खापरं. शिवाय वस्तीच्या आतच सापडलेली एक कबर: कच्च्या विटांनी बांधून काढलेली, आत उताणा झोपवलेला सांगाडा आणि त्यावर अंथरलेल्या बोरूसारख्या वनस्पतीच्या तंतूंच्या खुणा. मला विचाराल तर मुद्रांपेक्षा ही कबर जास्त बोलते. मुद्रा व्यापाऱ्याच्या कनवटीला बांधून कुठेही जाऊ शकते. आपलं माणूस आपल्या रीतीने पुरायला मात्र तिथे घर करून राहावं लागतं.

आता "कशाला आली" हा भाग. काही जण दायमाबादला व्यापारी ठाणं म्हणतात. उत्तर अफगाणिस्तानात अमूदर्याजवळ शोर्तुगाई नावाची हडप्पा वसाहत आहे, तिच्या बाबतीत ते पटतं, कारण बदख्शानच्या लाजवर्द नावाच्या निळ्या मौल्यवान दगडाच्या खाणी त्या बाजूला आहेत. प्रवरेच्या खोऱ्यात असं काय होतं? तांब्याच्या खाणी नाहीत, कथील नाही. काळी जमीन, नदीचं पाणी आणि चराऊ रानं होती. वाटेवरच्या तापी खोऱ्यातही उत्तर हडप्पा काळाच्या बऱ्याच वस्त्या साळींना सापडल्या होत्या. म्हणून माझं मत असं की ही व्यापाऱ्यांची मोहीम नव्हती. गुजरातेकडून तापी, तापीवरून गोदावरीचं खोरं, अशी पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेली शेतकरी कुटुंबं होती.

दायमाबाद म्हटलं की कांस्याच्या त्या चार वस्तू आठवतात, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. 1974 साली एका स्थानिक भिल्ल रहिवाशाला झुडपाचं मूळ खणताना त्या सापडल्या: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही भरीव ओतीव, मिळून 60 किलोंहून जास्त वजन. रथ 45 सेंटीमीटर लांबीचा. दोन बैल जोखडाला जुंपलेले, मागे हातात वाकडी काठी घेऊन उभा असलेला गाडीवान, आणि गंमत म्हणजे त्याच्या पुढ्यात दांडीवर एक कुत्रा उभा. मालकाबरोबर गाडीत चढून बसणारं कुत्रं बघायचं असेल तर आजही आमच्याकडे कुठल्याही आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं राहा.

पण या वस्तूंचा काळ हा वादाचा मुद्दा आहे आणि पाठ्यपुस्तकं तो गाळून टाकतात. त्या पुरातत्त्वज्ञांनी थराथराने खणून काढलेल्या नाहीत. साळींनी नंतर त्या जागेचा अभ्यास करून त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरही त्याच बाजूचे. उलट डी. पी. अग्रवालांनी धातूचं विश्लेषण केलं तेव्हा त्यात 1 टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. आपल्याकडच्या त्या काळातल्या बाकी तांब्याच्या वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, म्हणून त्यांनी या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात असं मांडलं. तेव्हा "हा बघा हडप्पाचा रथ" असं कुणी छातीठोक सांगितलं तर जरा सबुरीने घ्या.

हडप्पाच्या नादात लोक विसरतात की दायमाबाद त्यानंतरही जवळजवळ 800 वर्षं नांदलं. आधी पिवळसर भांड्यांवर काळी नक्षी करणारी, याच गावाच्या नावाने ओळखली जाणारी दायमाबाद संस्कृती. मग इ.स.पू. 1600च्या सुमारास माळव्याकडून आलेली माळवा संस्कृती. आणि इ.स.पू. 1400 ते 1000 जोर्वे संस्कृती. जोर्वे हे गाव संगमनेरजवळ, याच प्रवरेवर. दायमाबाद सगळ्यात मोठं झालं ते या जोर्वे काळात. 20 हेक्टरांहून जास्त पसरलेली वस्ती, भोवती बुरुजांसह मातीच्या तटाच्या खुणा, आत कुंभार, मणी घडवणारे, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरं. आजूबाजूच्या लहान खेड्यांचं हे मुख्य गाव असणार.

जोर्वे लोकांची एक रीत ऐकून अंगावर काटा येतो. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि ती घराच्या जमिनीखालीच पुरायची. म्हणजे वर स्वयंपाक, झोपणं, सगळं चालू आणि खाली आपलं लेकरू. शिरूर तालुक्यातल्या घोडनदीकाठच्या इनामगावला हेच दिसतं. तिथे मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालून पाय तोडत. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मला ते पटतं, पण सिद्ध करायचा मार्ग नाही.

इ.स.पू. 1000च्या आसपास प्रवरा-गोदावरीकाठची ही गावं उठली. ढवळीकरांच्या मते पाऊसमान घटलं. मुळात हा पर्जन्यछायेचा पट्टा, त्यात नांगराला लोखंडी फाळ नाही, दोनचार वर्षं ओळीने कोरडी गेली तरी संपलं. भीमेच्या खोऱ्यातलं इनामगाव त्यानंतर सुमारे 300 वर्षं तगलं, पण कसं? ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शिकार-पशुपालनावर भर आला.

तर परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न आला तर बिनधास्त दायमाबादवर खूण करा. दीर्घोत्तरी असेल तर "उत्तर हडप्पा" हे दोन शब्द लिहायला विसरू नका, आणि रथाचा उल्लेख केलात तर त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत हेही एका ओळीत लिहा.