एप्रिलअखेरीस टोकियो : साकुरा हुकला, तर कोणते उद्यान पाहावे?

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त शिक्षक असून मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत आहे. सगळी जुळवाजुळव होता होता आमचे तेथे पोहोचणे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यावर गेले आहे. साकुराचा, म्हणजे जपानी चेरीच्या फुलांचा, बहर पाहण्याची फार इच्छा आहे. तो मिळेल का? सौभाग्यवतींना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही आणि मुलाला रविवारीच सवड असते. एकच मोठे उद्यान निवडायचे तर कोणते? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, तेव्हा डबा नेता येतो का? घरच्यांचा आग्रह केसर आंब्याची पेटी सोबत न्यावी असा आहे. – एक वाचक, लातूर

उत्तर : टोकियोतला मुख्य बहर आपल्याला मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तेथे साकुरा उमलण्याची सरासरी तारीख २४ मार्च आणि पूर्ण बहराची ३१ मार्च आहे. पूर्ण बहर फार तर आठवडाभर टिकतो आणि मध्येच वारा-पाऊस झाला तर तेवढाही नाही. शहरात सर्वत्र दिसणारी सोमेई योशिनो ही जात कलमांनीच वाढवलेली असल्यामुळे ही सारी झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच आहेत. म्हणूनच हवामान जुळले की एका भागातली झाडे एकदम फुलतात आणि झडतातही एकदमच. मागे राहिलेले एखादे झाड आपल्यासाठी थांबून असेल, ही आशा व्यर्थ आहे. दुहेरी पाकळ्यांच्या उशिरा फुलणाऱ्या जाती शिंजुकू ग्योएन या जुन्या राजघराण्याच्या बागेत पुष्कळ आहेत, परंतु एप्रिलअखेर त्याही उतरणीला लागलेल्या असतात. उत्तरेकडे आओमोरी प्रांतातील हिरोसाकी येथे किल्ल्याभोवतीच्या उद्यानात सुमारे २,६०० झाडे असून तेथला बहर एप्रिलच्या उत्तरार्धात येतो. सफरचंदाच्या बागायतदारांची छाटणीची पद्धत तेथे साकुराला लावली गेली आणि त्यामुळे तेथील झाडे दीर्घायुषी व भरगच्च फुलांची झाली, ही गोष्ट आपल्याकडच्या बागायतदारांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. तथापि बुलेट ट्रेनने तीन तासांहून अधिक प्रवास, पुढे गाडीबदल आणि अलीकडे लवकर सरकू लागलेला बहर हे पाहता, दुखऱ्या गुडघ्यांनिशी तेवढा खटाटोप करावा असे आम्हाला वाटत नाही.

त्याऐवजी टोकियोच्या पश्चिमेकडील ताचिकावा येथील शोवा स्मारक उद्यानासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. एके काळी ही जागा लष्करी विमानतळाची होती. महायुद्धानंतर ती अमेरिकी सैन्याकडे गेली, १९७७ मध्ये जपानला परत मिळाली आणि सम्राट शोवा (हिरोहितो) यांच्या कारकिर्दीच्या पन्नाशीनिमित्त १९८३ मध्ये तेथे उद्यान खुले झाले. धावपट्टीची जमीन सपाट असते, आणि सौभाग्यवतींच्या दृष्टीने हेच सर्वांत सोयीचे आहे. टोकियोतील शिंजुकू स्थानकाहून चुओ रेल्वेमार्गाने अर्ध्या-पाऊण तासात ताचिकावा येते. तेथे स्थानकाबाहेर न पडता ओमे मार्गाने एक स्थानक पुढे, निशी-ताचिकावाला उतरावे. उद्यानाचे प्रवेशद्वार तेथून दोन मिनिटांवर आहे. ताचिकावाहून चालत गेल्यास दहा-पंधरा मिनिटे जातात आणि गुडघ्यांची निम्मी शक्ती आत शिरण्यापूर्वीच संपते. आत रबरी चाकांची छोटी गाडी वेगळ्या तिकिटावर उद्यानाची फेरी घडवते. चाकांची खुर्चीही प्रवेशद्वारावर मिळते. ती घेण्यात संकोच करू नये. ६५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेशशुल्कात सवलत असते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा.

आपल्या आठवड्यात तेथील ट्यूलिप ओसरत असतील, परंतु नेमोफिला भरात असेल. हे मूळचे कॅलिफोर्नियाचे, वीतभर उंचीचे रोप आहे. एक फूल हाती धरून पाहिले तर रुपयाच्या नाण्याएवढे. पाच पाकळ्या, कडेला आभाळी निळा रंग आणि आत मध्याकडे तो विरत विरत पांढरा होत गेलेला. एकटे फूल नजरेत भरत नाही. सलग उतारावर मात्र जमीन कोठे संपली आणि आकाश कोठे सुरू झाले, हे क्षणभर कळत नाही. याच फुलाचा सर्वांत मोठा देखावा इबाराकी प्रांतातील हिताची सागरतीर उद्यानात असतो, जेथे टेकडीवर सुमारे ५३ लाख रोपे लावलेली असतात. पण तेथे चढ आहे, कात्सुता स्थानकावरून बस आहे आणि रविवारी अतोनात गर्दी असते. मुलाला एखाद्या कामाच्या दिवशी रजा मिळाली तरच तिकडे जावे. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सुट्ट्यांची रांग असते, त्या दिवसांत तर अजिबात नको.

डबा अवश्य न्यावा. शोवा उद्यानाच्या मध्यभागी विस्तीर्ण हिरवळ आहे, तेथे चादर अंथरून धपाटे आणि शेंगाचटणी खाण्यास कोणाचीही हरकत नसते. चपला चादरीबाहेर काढण्याची तेथील रीत आपल्याला शिकवावी लागणार नाही. कचराकुंड्या मात्र क्वचितच दिसतात. उष्टे-खरकटे पिशवीत बांधून घरी न्यावे लागते. आंब्यांचे म्हणाल, तर पेटी घरीच ठेवावी. भारतीय आंब्याला जपानमध्ये प्रवेश आहे, पण मान्यताप्राप्त केंद्रात उष्ण वाफेची प्रक्रिया आणि तपासणीचे प्रमाणपत्र असेल तरच. घरच्या झाडाची पेटी विमानतळावरच काढून घेतली जाईल.

प्रश्न : जपानच्या उद्यानांत सूर्यफुले बघायला तिकीट काढून लोक येतात, हे खरे का? तेथून ट्यूलिपचे कंद आणून परभणीत लावता येतील का? – एक वाचिका, परभणी

उत्तर : खरे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे सूर्यफुलांचे मळे केवळ पाहण्यासाठी लावतात. आपल्याकडे तेलबियांसाठी पिकणारे सूर्यफूल सोयाबीनने मागे सारले, त्यामुळे पुढच्या पिढीला ते उद्यानातच पाहावे लागेल की काय, अशी शंका आम्हालाही येते. कंद आणू नयेत. लागवडीयोग्य कोणतेही रोप, बी किंवा कंद भारतात आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते सोपस्कार कोणी पुरे केले, तरी ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी सलग काही आठवड्यांची कडक थंडी हवी असते. परभणीत पारा उतरतो, पण तो रात्रीपुरता. दुपारी ऊन तापतेच. थंड केलेल्या कंदाला एक वेळ फूल येईलही, दुसऱ्या वर्षी तोच कंद पुन्हा फुलण्याची अपेक्षा ठेवू नये.