पिकलं पान म्हणून रडायचं नाही?

“मॅडम, आजी ८१ वर्षांची होती. सगळं बघून गेली. मग मलाच एवढं काय होतंय?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कधी नातू विचारतो, कधी लग्न झालेली नात. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो: आजी आठवायला गेलं की तिचं आजारपणच का दिसतं? इथे सांगते आहे ती हकीकत एका २८ वर्षांच्या मुलीची. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी जाऊन सात महिने झाले होते. नात नोकरीवर जात होती, जेवत होती, पण रात्री झोप लागता लागता तिला आजीच्या नाकातली नळी आणि हाताला बांधलेली पट्टी दिसायची. अतिदक्षता विभागातले शेवटचे १९ दिवस. त्याच्या अलीकडचं काही आठवायचंच नाही. ऑफिसात आजीसाठी एक दिवस रजा मिळाली होती. भेटायला आलेले लोक म्हणाले, “पिकलं पान, गळायचंच. सोनं झालं.” तेराव्यानंतर घरात कुणी विषय काढेना. तिने मोबाइलवर दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आणि आपण चौथीवर अडकलोय असं ठरवून माझ्याकडे आली.

त्या पायऱ्यांनी खूप जणांना उगाच घाबरवलं आहे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात, असं काही नाही. तिची अडचण वेगळीच होती. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत. आजी-आजोबांचं जाणं पुष्कळदा त्यात मोडतं. जाणाऱ्याचं वय मोजून रडण्याची मुदत ठरवतात लोक. पण जिच्या कुशीत झोपून मोठं झालो, ती गेल्यावर वयाचा हिशोब मनाला कसा पटणार?

आणि ती नळी? भीतीच्या क्षणी पाहिलेलं दृश्य मनात घट्ट रुतून बसतं आणि न बोलावता येतं. सुखाच्या आठवणी तशा येत नाहीत. त्यांना काहीतरी निमित्त लागतं: वास, वस्तू, कुणाचा तरी शब्द. म्हणून मी तिला म्हटलं, “पुढच्या वेळी आजीची एखादी वस्तू घेऊन ये.”

तिने आणला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत एसटीची तिकिटं, वर्षावर्षांच्या रबर लावलेल्या गड्ड्या. कागदी तिकिटं, कंडक्टरने चिमट्याने भोक पाडलेली, मागे पेन्सिलने ठिकाण आणि तारीख. आजोबा गेले तेव्हा आजी ५७ वर्षांची होती. वर्षभर घरात बसली आणि एक दिवस नाशिकच्या स्टँडवर जाऊन समोर उभी असलेल्या गाडीत चढली. ती गाडी वणीची होती, म्हणून सप्तशृंगी. त्यानंतर ती थांबलीच नाही. तुळजापूर, माहूर, हरिहरेश्वर. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेली ती ६६ व्या वर्षी.

अलीकडची मशीनची तिकिटं मात्र कोरी पडली होती. शाई उडून गेलेली. ती पांढरी चिठोरी हातात धरून नात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मी वाट पाहिली. मग विचारलं, “यातल्या कुठल्या गाडीत तू होतीस?”

तिने शोधून काढलं. घोटी ते बारी, २००६, नवरात्र. कळसूबाई. म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर; आजी ६३ ची आणि नात नऊ वर्षांची. आजीने नऊवारीचा काचा घट्ट मारला होता, चपला पिशवीत टाकल्या होत्या. लोखंडी शिडीवर नात मध्येच थिजली. मागे लोक खोळंबले. आजी खालच्या पायरीवरून म्हणाली, “मागं मी आहे ना. पडलीस तर माझ्यावर पड, मी मऊ आहे.” हे सांगताना पोरगी हसली आणि स्वतःच दचकली. सात महिन्यांत आजीचा आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आला होता.

इथे सगळं सुटलं असं वाटेल, पण खरी गाठ चौथ्या भेटीत निघाली.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. आजी तेव्हा ७९ वर्षांची. तिला रान मोकळं झालं. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. एकदा ती रात्री अकराला भलत्याच स्टँडवर उतरली, आणि एका कंडक्टरचा घरी फोन आला. त्यानंतर घरच्यांनी ठरवलं, आता पुरे. आईच्या सांगण्यावरून नातीने आजीचं आधार कार्ड आपल्या कपाटात लपवलं. आजी तीन दिवस शोधत होती. मग तिने शोधणं सोडलं. पाच महिन्यांनी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि त्यातून उठलीच नाही. मृत्यूच्या दाखल्यासाठी कार्ड लागलं, तेव्हा नातीनेच ते आपल्या कपाटातून काढून दिलं.

“घरात सुरक्षित राहील म्हणून बसवलं, आणि ती घरातच पडली.”

यावर “तुझी चूक नव्हती” असं मी म्हटलं नाही. असं चटकन म्हटलं की माणूस गप्प बसतो आणि ओझं आत तसंच राहतं. मी विचारलं, कार्ड लपवलंस त्या दिवशी तुला काय माहीत होतं? तिला त्या रात्रीचा फोन माहीत होता. पुढचं न्हाणीघर माहीत नव्हतं. हे ती तीन भेटींत, तुकड्या-तुकड्याने बोलली. आजीला कसं वाटलं असेल, याचं दुःख मात्र उरलं. ते राहणारच. ते पुसणं माझं काम नाही.

आईवर तिचा राग होता, म्हणून आईला बोलावलं. आई आल्या आणि डब्याकडे बघत म्हणाल्या, “तुझी आजी तुला माहीत. माझ्या सासूबाई न सांगता निघून जायच्या. मी रात्र रात्र जागी असायचे, डेपोत फोन लावायचे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला कधी ये म्हणाल्या नाहीत. मी आले असते.” नातीला हे कधी माहीतच नव्हतं. तिची लाडकी, धाडसी आजी कुणाला तरी घरी ठेवून जात होती. मला विचाराल तर आजी पुरती परत आली ती त्या दिवशी. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याच्याशी बोलता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही.

पूर्वी दुःखातून बाहेर पडणं म्हणजे गेलेल्याचा धागा तोडणं, असं समजत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी दाखवलं की नातं संपत नाही, रूप बदलून चालू राहतं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक मात्र काळजीने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ किंवा वेदना बहुतेक दिवस कायम असेल आणि त्यामुळे रोजचं जगणं, काम, नाती कोलमडत असतील, तर त्यावर उपचार लागतात आणि ते मिळतात. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने थांबूच नका. सरकारची टेली मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

वर्षश्राद्धानंतर मायलेकी एसटीने वणीला गेल्या. परतल्यावर नात भेटायला आली. डब्यात दोन नवी तिकिटं होती, आणि शाई उडाली तरी राहावं म्हणून आईंनी दोन्हींच्या मागे पेन्सिलने ठिकाण आणि तारीख लिहिली होती.